फित्रीच्या आधी

माझी धाकटी बहीण फित्री ईदच्या दिवशी जन्मली आणि तेव्हापासून आमच्या आईची ईद काही संपलेली नाही. मी जन्मले तो दिवस कसला होता, ते आईला आठवत नाही. विचारलं तर म्हणते, "पाऊस होता बहुतेक. आपल्या पायाकुंबूत कधी नसतो?"

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे या युस्मार्नीने पोटातलं दुखणं लपवलं असं कोणी म्हणायला नको. दुखतं. चांगली कळ येऊन दुखतं.

आमचा रेंदांगचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे घरामागची मोठी शेड. ओळीने चुली, चुलींवर कढया, कढयांत नारळाच्या दुधात शिजणारं मांस आणि ते काळं होईपर्यंत ढवळत उभ्या राहिलेल्या बायका. मग ते पाकिटांत भरायचं, हवा काढून पाकिटं बंद करायची आणि मोठ्या कुकरमध्ये दाबाखाली उकडायची, म्हणजे वर्षभर टिकतात. लाकडं ओली आली तर भांडण माझं, मसाला तिखट झाला तर बोलणी मला, कोणाचं मूल आजारी पडलं तर तिच्या कढईशी मीच. फित्री पादांगच्या कॉलेजात शिकवते. काय शिकवते? तर धंद्यातली नीती. मी धंदा करायचा आणि नीती तिने शिकवायची, अशी आमच्या घरातली वाटणी.

आमच्यात घर, जमीन, चूल सगळं मुलींकडे जातं. पुरुष बायकोच्या घरी पाहुण्यासारखे राहतात. माझा नवरा तर जाकार्तात टायर विकतो आणि ईदला तोंड दाखवतो. त्यामुळे आईनंतर कारखाना आम्हा दोघींचाच. पण कढईत पळी एकीचीच फिरावी, आणि ती कोणाच्या हातात द्यायची हे आई यंदा ठरवणार होती. तिचे गुडघे आता तिला शेडपर्यंतही जाऊ देत नव्हते. मला दुसरं काही नको होतं. आईने चारचौघांत माझं नाव घ्यावं, एवढंच.

फित्री शनिवारी घरी आली की आई बायकांना अंगणात गोळा करायची. "ऐका गं, माझी लेक काय सांगते ते." बायका आलं-लसूण सोलत बसायच्या आणि फित्री सुरू व्हायची.

"हे बघा, धंद्यात एखादी गोष्ट करावी की नाही, हे ठरवायच्या वेगवेगळ्या रीती आहेत. काही लोक म्हणतात, परिणाम बघा. जास्तीत जास्त लोकांचं भलं होत असेल तर करा. दुसरे म्हणतात, परिणामांचं काय घेऊन बसलात? खोटं बोलायचं नाही म्हणजे नाही, मग नफा होवो की नुकसान. आणि हेतूही स्वच्छ हवा. हेतू मळका असेल तर चांगल्या कामालाही किंमत नाही. तिसरे म्हणतात, नियम राहू द्या, माणूस बघा. या जागी एखादी भली बाई असती तर ती कशी वागली असती? आणि आणखी एक रीत म्हणजे, आपण विकणारे आहोत की खाणारे हे आपल्याला माहीतच नाही असं समजून निर्णय घ्या."

"मग कढई करपली तर यातल्या कोणाला शिव्या द्यायच्या?" सगळ्यांत म्हाताऱ्या साविया मावशींनी विचारलं.

"मला," मी शेडमधून ओरडले. "ती आपली जुनीच रीत आहे."

बायका हसल्या. आई म्हणाली, "युस, तिला बोलू दे."

एका शनिवारी तर कमालच झाली. मांस महागलं तेव्हा आमच्या मामांनी सुचवलं होतं, की थोडं फुप्फुस बारीक करून मिसळावं, रेंदांग काळंच असतं, कोणाला कळतंय. मी नाही म्हणाले. मामांशी महिनाभर बोलणं बंद होतं माझं. फित्रीने तीच गोष्ट कर्तव्याचं उदाहरण म्हणून सांगितली. "आमच्या घरी एकदा असा प्रसंग आला, तेव्हा आम्ही ठरवलं..." आम्ही! आई डोळे पुसत म्हणाली, "किती छान समजावते." आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या आणि वर टाळ्या घ्यायच्या. त्या दिवशी मी इतक्या जोरात लसूण ठेचला, की पाटाच फुटायचा.

मग कुकरचं ते प्रकरण झालं.

गुरुवारी दुरुस्तीवाला आला होता. त्याने मोठा कुकर उघडला, तापमानाचा काटा हलवून बघितला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हा अडकलाय. गरम असो की गार, एकच आकडा दाखवतोय. कधीपासून, ते अल्ला जाणे."

नेमका शेवटचा माल पादांगच्या हाजी झुल्हेल्मींकडे गेलेला. ते तो हजच्या यात्रेकरूंबरोबर मक्केला पाठवणार होते. हवाबंद पाकीट नीट उकडलं नाही तर आत कधीकधी असं विष तयार होतं, की वास येत नाही, चव बदलत नाही आणि माणूस मात्र हातपाय लुळे पडून मरतो. कधीकधी. बहुतेक वेळा काहीच होत नाही. तपासायला द्यावं, तर उत्तर येईपर्यंत विमान गेलेलं असणार. माल परत मागवावा, तर हाजी कायमचे तुटणार, गावात नाव खराब होणार, निम्म्या चुली विझणार आणि तितक्या बायका घरी बसणार.

मामा आमच्या घराण्याचे दातुक, म्हणजे कारभारी, आहेत. घरातली कोणतीही गोष्ट त्यांच्या पुढ्यात चटईवर बसून ठरते. सगळ्यांनी बोलायचं, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलायचं. एकानेही नाही म्हटलं तरी ठरत नाही. आणि ठरण्याआधी घरातला शब्द बाहेर नेणं यासारखं दुसरं पाप नाही. मामा म्हणाले, "उद्या जुम्म्याच्या नमाजानंतर बसू. तोवर कोणी तोंड उघडायचं नाही."

खरं सांगते, मला आधी वाटलं, गप्प बसावं. बहुतेक काहीच होणार नाही, या विचारावर मी संध्याकाळची अर्धी कामं उरकलीसुद्धा. मग फित्री दिसली. त्या दिवशी ती रजा टाकून घरी आली होती. जिन्याच्या पायरीवर बसून कागदावर काहीतरी लिहीत होती, खोडत होती, पुन्हा लिहीत होती. डोळे ओले.

मी काय ते समजले. भाषण! उद्या ही चटईवर बसणार, घसा साफ करणार आणि त्या गोड आवाजात म्हणणार, "माल परत मागवायलाच हवा. आपण खाणारे असतो तर?" मामा मान हलवणार. आई रडणार, ओढणीने हिचं तोंड पुसणार आणि पळी हिच्या हातात देऊन मोकळी होणार. आणि मी? मी कोपऱ्यात बसून तळलेली केळी वाढणार. माझा नुसता तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुष कामाला लागले, आई आत कुराण वाचत बसली आणि मी शेडमागे जाऊन फोन लावला.

"हाजी, सलाम आलेकुम. पायाकुंबूहून युस्मार्नी बोलतेय."

"बोला उनी! तुमचा माल बांधून तयार आहे. रविवारी विमानात." उनी म्हणजे ताई, फित्रीही मला हेच म्हणते.

"बांधलेला सोडा आणि परत पाठवा."

"सकाळी सकाळी मीच सापडलो का चेष्टा करायला?"

"आमच्या कुकरचा काटा अडकला होता. माल नीट उकडला गेला की नाही, सांगता येत नाही."

"सांगता येत नाही म्हणजे खराब आहे असं नाही ना?"

"चांगला आहे असंही नाही."

"उनी, मी तुमच्या अमाकच्या, तुमच्या आईच्या हातचं रेंदांग खात मोठा झालो. आजवर झालंय का कोणाला काही?"

"आजवर काटा अडकला नव्हता."

त्यांनी विचारलं, "हे घरात सगळ्यांनी मिळून ठरवलंय?"

मी घराकडे बघितलं. "हो," म्हणाले. बिनदिक्कत खोटं.

"मग माझंही ऐका. मी दुसरीकडून माल उचलतो. पुढच्या वर्षी तुमचा फोन आला तर मी उचलणार नाही."

"नका उचलू. पण ती पाकिटं विमानात चढू देऊ नका, हाजी. तेवढं करा."

फोन ठेवला तेव्हा जिवाला गार वाटत होतं. बोल आता, फित्री. काय बोलायचं ते बोल.

नमाजानंतर आम्ही चटईवर बसलो. करवंट्यांतून कॉफीच्या पानांचा चहा फिरला. मामांनी रीतीप्रमाणे सुरुवात केली, की पाणी गोल होतं नळीत आणि बोलणं गोल होतं एकमतात, वगैरे वगैरे. मग म्हणाले, "धाकटीपासून सुरू करू."

फित्रीने कागद उलगडला. मला राहवेना.

"थांबा," मी म्हणाले. "मी हाजींना फोन केलाय. माल परत येतोय."

मामांची करवंटी तोंडाशीच राहिली. "कोणाला विचारून?"

"कोणालाच नाही."

"मग मी इथे कशाला बसलोय? केळी खायला?" मामांचा चेहरा लाल झाला. "दातुक आहे मी या घराचा! उद्या गावात माझ्या पगडीचं पायपुसणं करतील!"

आई माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, आलं माझं नाव तिच्या ओठांवर. इतक्या वर्षांनी आलं.

"बघ फित्री," आई म्हणाली. "दर शनिवारी घसा कोरडा करतेस, ते वाया नाही गेलं. युसच्यासुद्धा डोक्यात शिरलं."

त्या 'सुद्धा'ने माझा जीव घेतला.

"नाही अमाक," फित्री म्हणाली. तिने कागद चटईवर ठेवला. "मी माल जाऊ द्या असं म्हणणार होते."

मामांनी करवंटी खाली ठेवली.

"मी सगळा हिशोब मांडला. काही होण्याची शक्यता किती कमी आणि चुली विझल्या तर किती घरं उपाशी. कितीदा मांडला, तरी उत्तर तेच. गप्प बसा. मला स्वतःची लाज वाटत होती. पण इथे मी तेच सांगणार होते."

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. जो मान तिच्या आधी हिसकावायला मी धावले, तो तिच्यापाशी नव्हताच! माझ्या मनात लाडू फुटायला लागले. आता तरी आईचे डोळे उघडतील.

आईने फित्रीला जवळ ओढलं आणि तिची पाठ थोपटायला लागली. "बघा, किती खरं बोलते माझी पोर. आहे का कोणाची छाती असं कबूल करायची?"

"आणि मी?" मी ओरडलेच. "माल मी परत मागवला, हाजीची बोलणी मी खाल्ली आणि कौतुक हिचं?"

आई शांतपणे म्हणाली, "बरं. मग तू सांग. का केलास फोन?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. उत्तर अगदी ओठांवर होतं. यात्रेकरूंच्या जिवासाठी. कोण नाही म्हणणार होतं? पण फित्री नाक पुसत माझ्याकडे बघत होती, आणि इतक्या कौतुकाने बघत होती, की मला संताप आला. ती नजर मला हवी होती, पण तिची नको होती.

"हिच्या आधी मला म्हणायचं होतं म्हणून!" मी म्हणाले. "ही इथे बसून छान छान बोलणार आणि तू रडणार, ते मला बघवलं नसतं. यात्रेकरू मला आठवले ते फोन ठेवताना. आणि हाजींना मी सांगितलं की सगळ्यांनी ठरवलंय. तेही खोटं."

मामांना ठसका लागला. तो हसण्याचा होता, हे कळायला जरा वेळ गेला. "मास्तरीणबाई," ते फित्रीला म्हणाले, "हे तुमच्या कोणत्या रीतीत बसतं?"

"परिणाम बघणारे म्हणतील, उत्तम केलं," फित्री म्हणाली. "हेतू बघणारे म्हणतील, शून्य मार्क. आणि भली बाई शोधणारे..." तिने माझ्याकडे बघितलं. "ते आमच्या उनीला बघून पळूनच जातील."

मलाही हसू आलं होतं. पण मी ते गिळलं. तिच्या विनोदाला मी का हसू?

"खाणाऱ्याला ताप आला नाही म्हणजे झालं," आई म्हणाली. "मी ठरवलंय. कारखाना युसने चालवावा."

मी श्वास धरला.

"पण फित्री, तू कॉलेज सोडून इथे ये. शेडमध्ये टेबल मांड, युसच्या बरोब्बर समोर. ही एकटी असती तर आज गप्प बसली असती, मी ओळखून आहे हिला. तू डोळ्यांसमोर असलीस म्हणजे ही सरळ चालेल."

"मला चालेल," फित्री लगेच म्हणाली.

"मलाही," मामा म्हणाले. "युस? तुझ्याशिवाय ठरत नाही."

नाही म्हणायची सोय होती. नाही म्हटलं तर काहीच ठरत नव्हतं, ना टेबल, ना कारखाना.

"हो," मी म्हणाले.

आईने समाधानाने मान हलवली. माझं नाव घेतलं, कारखाना दिला, सगळं चारचौघांत केलं. तेवढ्या वेळात तिचा हात फित्रीच्या पाठीवरून एकदाही उठला नाही.