मी दिलेला जबाब

बायको जाऊन दोन महिने झाले होते, तेव्हा माझ्या मुलाने शेजारच्या शिंप्याच्या दुकानाच्या काचा फोडल्या आणि शिंप्यालाही मारलं. पोलिसांना मी जबाब दिला, "डोकं ठिकाणावर आहे त्याचं. नुसता माजलाय." घरात वेडा आहे म्हणवून घेण्यापेक्षा त्याने शिक्षा भोगलेली मला चालणार होती.

कोर्टात, कोठडीत मुलाला तपासलेल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं.

"काका, त्याच्या गोळ्या कधी बंद झाल्या?"

"कसल्या गोळ्या?"

मुलाने सांगितलेल्या मनोरुग्णालयातून त्यांनी फाईल मागवली होती. अकरा वर्षं दर महिन्याला औषध नेल्याची सही होती आणि ती माझ्या बायकोची होती. महिन्यातून एकदा मायलेक मावशीकडे म्हणून बाहेर पडायचे. मी म्हणायचो, "एवढं काय बोलायचं असतं गं बहिणीशी?" ती नुसती हसायची.

"मला का नाही सांगितलंस?" मी मुलाला विचारलं.

"आई म्हणाली, बाबांना झेपणार नाही."

इतक्यात आमचा पुकारा झाला. न्यायाधीशांनी कागद चाळले.

"याला तुरुंगाऐवजी उपचारांना पाठवा, असा अर्ज आहे. पण वडील तर म्हणतात, याला काही झालेलं नाही. खरं काय?"

"साहेब, माझा जबाब चुकीचा आहे. तो आजारी आहे. मला आत्ता कळलं."

"तुम्ही एकाच घरात राहता ना?"

"हो साहेब," मी म्हणालो, "एकाच घरात."