जबड्यातली वीण

तळोज्याच्या एका मांडवात, ऐन हळदीच्या वेळी, गोदूबाईंचा जबडा अडकला. लग्नात धवले गाणारी त्यांच्यासारखी बाई आसपासच्या गावांत दुसरी नव्हती. वरचा सूर लावायला त्यांनी तोंड उघडलं, उजव्या कानापुढे कट्‌कन वाजलं आणि तेव्हापासून दातांमधून एका बोटाच्या वर काही जाईना. शेकून झालं, तेल चोळून झालं. महिनाभर पेजेवर काढल्यावर सून सोनम त्यांना पनवेलच्या दातांच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. जबड्याच्या सांध्यातली मऊ चकती मधोमध फाटली होती. डॉक्टरांना ती काढून टाकावी लागली.

टाके काढायच्या दिवशी गोदूबाई खुर्चीतून उठेचनात.

"माझ्यातून काय काढलाव तुमी? मना बगाचा हाय."

"आई, काय बघायचं त्यात? चला, रिक्षा थांबलीय," सोनम म्हणाली.

तपासणीचा अहवाल घेऊन आलेली अंकिता नावाची तरुण डॉक्टर दारातच थबकली. त्या चकतीचे पातळ काप तिनेच तयार केले होते. ते बघायला मागणारं माणूस तिला आजवर भेटलं नव्हतं. "या मावशी, दाखवते," ती म्हणाली.

प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून गोदूबाईंना आधी नुसत्या स्वतःच्याच पापण्या दिसल्या. अंकिताने त्यांची मान जरा मागे घेतली, कसलीशी काच फिरवली, आणि चित्र स्पष्ट झालं.

काळ्या अंधारात धागे पेटले होते. तांबूस, सोनेरी, मध्येच हिरवट. हजारो धागे एकमेकांना लागून एकाच दिशेनं निघालेले, आणि प्रत्येकाला बारीक नागमोडी. ओहोटीनंतर खाडीच्या चिखलावर पाण्याची नक्षी उरते, तशी.

"ह्या माझ्या तोंडातला?"

"तुमचंच. घास चावलात की या लाटा ताणल्या जाऊन सरळ होतात, भार झेलतात. सोडलात की परत वळतात. आता कड बघा." अंकिताने काप सरकवला. इथे धागे आडवे वळून चकतीला वेढा घालत गेले होते.

"काठ येगला विनलाय गो," गोदूबाई पुटपुटल्या.

मग फाटलेली जागा आली. तिथे लाटा नव्हत्या. धागे सरळ, विस्कटलेले, टोकांशी पिंजलेले. गोदूबाई तिथे फार वेळ थांबल्या.

"कवा विनला असल ह्या?"

"तुम्ही आईच्या पोटात होतात तेव्हाच सुरुवात झाली."

"तिला तं काय म्हाईत पन नाय," गोदूबाई म्हणाल्या. मग डोळा काढून त्यांनी विचारलं, "दुसऱ्या बाजूला?"

"तिकडची चकती आहे जागेवर. चांगली आहे."

गोदूबाईंनी डाव्या कानापुढे बोटं टेकवली. तोंड जेमतेम उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. बोटाखाली काहीतरी सरकून पुढे आलं, मागे गेलं. जन्मभर ते असंच सरकत होतं आणि एकदाही त्यांचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं. त्यांनी अंकिताच्या डोक्यावरून हात फिरवला.

तोंड हळूहळू उघडत गेलं. आधी दोन बोटं, मग तीन. भाकरी कुस्करून खाता येऊ लागली. वरचा सूर मात्र पहिल्यासारखा लागला नाही. त्या खालच्या पट्टीत गाऊ लागल्या आणि वरच्या ओळी त्यांची जोडीदारीण ठकी घेऊ लागली.

पण ते सगळं नंतरचं. टाके निघाल्याच्या पुढच्याच आठवड्यात प्रयोगशाळेच्या दाराशी काष्ट्याची लुगडी नेसलेल्या पाच-सहा बायका येऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांत पुढे गोदूबाई.

"बाय, ह्यांना पन दाखव. कोनाचा इस्वासच नाय."

अंकिताने हसत काप लावला. एकेक बाई वाकली, बघून बाजूला झाली. शेवटी ठकीची पाळी आली. तिने डोळा लावला तो काढेचना. बाकीच्या बायका भिंतीला टेकून, कानांपुढे बोटं टेकवून, सावकाश तोंडं उघडत-मिटत उभ्या होत्या.