सगळ्यांना दिसला पाहिजे

"पांढरा धोबी?"

"हो! सहा!"

"गप्पीदास?"

"हो! दोन, दीपगृहापाशी!"

इंग्लंडजवळच्या सेंट एर्गन बेटावर ऑक्टोबरात रोज संध्याकाळी पबच्या मागच्या खोलीत हजेरी होते. पक्ष्यांची. डेन्झिल खुर्चीवर उभा राहून एकेक नाव पुकारतो आणि ज्यांनी तो पक्षी दिवसभरात पाहिला ते ओरडून हो म्हणतात. केरेन्सा एरवी पुढच्या बाकावर असायची. आज ती दाराशी उभी होती, ओला कोट अंगातच, तिच्या पक्ष्याचं नाव यायची वाट बघत. नाव आलं की काय करायचं ते तिचं ठरलं नव्हतं.

"तुतवार?"

"हो!"

सकाळी तो तिच्या नर्गिस फुलांच्या शेतात होता. वारा अडवायला लावलेल्या उंच झुडपांच्या कुंपणाच्या बुडाशी, जमिनीपासून वीतभर वर. पिवळ्या चोचीचा कोकीळ. अमेरिकेतला. दक्षिणेकडे निघालेला, वादळाने उचलून अख्ख्या अटलांटिकवरून इथे आणून टाकलेला. पंख लोंबलेले, डोळे मिटत चाललेले. केरेन्सा चिखलातच उकिडवी बसली. त्याने एक सुरवंट पकडला, फांदीवर आपटला, गिळला. मग बराच वेळ काहीच नाही. मग आणखी एक.

खा बाबा, ती मनात म्हणाली. संध्याकाळपर्यंत नुसता खात राहा, तरशील.

आणि तिने वॉकीटॉकी उचलला.

का उचलला? कारण या बेटावर पक्षी लपवणाऱ्याला माफी नाही. गेल्या वर्षी म्हाताऱ्या हेडलीने एक दुर्मिळ पाहुणा कुणाला सांगितला नव्हता, तेव्हा भर हजेरीत त्याच्यावर सगळ्यांत मोठ्याने ओरडली होती तीच. "पक्षी काय तुझ्या बापाचा आहे का, हेडली?" खोली खदखदून हसली होती. हेडली ग्लास अर्धा ठेवून निघून गेला होता.

म्हणून उचलला.

— केरेन्सा बोलतेय. पिवळ्या चोचीचा कोकीळ, माझ्या खालच्या शेतात. फाटकाबाहेरून बघा. पक्षी थकलाय. आत कुणी यायचं नाही. परत सांगते, आत नाही.

— ऐकलं. निघालो.

— निघालो.

— कुठलं शेत? निघालो, निघालो!

— बाई, देवमाणूस आहात तुम्ही.

"डोंबकावळा?"

"हो!"

दुपारपर्यंत फाटकाशी माणसांची भिंत झाली. आधी आलेल्यांनी पोटभर पाहिला. मग तो कुंपणाच्या आत सरकला, पानांआड. खात असणार. पण दुपारच्या बोटीने आलेल्यांना शेपटीचं टोकही दिसेना, आणि परतीची बोट सुटायला आली होती.

डेन्झिल तिच्याजवळ आला. तिच्या वारलेल्या बहिणीचा नवरा, बेटावरच्या पक्षीवाल्यांचा म्होरक्या.

"केरेन्सा, एकदाच. ओळ करून हळू चालतो. तो उडेल, पलीकडच्या कुंपणात जाऊन बसेल. सगळ्यांना दिसला की झालं."

"नाही."

"अगं, लांबून आलेत बिचारे."

"तो अमेरिकेतून आलाय, डेन्झिल. तुझे बिचारे कुठून आलेत? ब्रिस्टलहून?"

लोक हसले. आपण जिंकलो असं तिला क्षणभर वाटलं.

"बरं," डेन्झिल लोकांकडे वळला. "ओळ करावी असं कुणाकुणाला वाटतं? हात वर."

हे इथलं नेहमीचंच. पक्षी दडून बसला की हात वर होतात, ओळ होते, पक्षी उठतो, लोक घरी जातात. केरेन्सा स्वतः अशा कितीतरी ओळींतून चालली होती. दुसऱ्यांच्या शेतांतून.

हात वर झाले. तिच्या शेताबद्दल, तिच्याच फाटकाशी मतदान झालं आणि ती हरली.

"माझं शेत आहे!"

"नर्गिसचं एक पातंही मोडणार नाही, बाई," लांबलचक कॅमेऱ्याचा एक माणूस अदबीने म्हणाला.

नर्गिस! मूठभर चिखल घेऊन त्याच्या तोंडात कोंबावा असं तिला वाटलं. ती फाटक अडवून उभी राहिली. तर लोक तिच्या दोन्ही बाजूंनी दगडी बांधावरून चढून आत उतरू लागले. एकेक जण उतरताना म्हणत होता, "माफ करा हं." "माफ करा." "माफ करा, बाई."

ओळ चालली.

तो उठला. लांब शेपटी, शेपटीखाली पांढरे ठिपके. सगळ्यांच्या तोंडून एकदम "ओऽऽ" निघालं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. पण पलीकडच्या कुंपणाकडे वळायला त्याच्यात ताकद कुठे होती? वाऱ्याने त्याला बांधावरून खडकांकडे नेलं. खडकावरून काळ्या पाठीचा एक कुरव उठला, दांडगा समुद्रपक्षी. घाई न करता. टाळ्या थांबल्या तेव्हा शेपटी कुरवाच्या चोचीबाहेर लोंबत होती.

"अरेरे," कुणीतरी म्हणालं.

"निसर्ग आहे," डेन्झिल म्हणाला, आणि त्याने घड्याळ पाहिलं.

"पिवळ्या चोचीचा कोकीळ?"

"होऽऽ!" खोली दणाणली.

"शोधणारी आपली केरेन्सा!"

टाळ्या. त्याच टाळ्या.

"परत पुकार," ती दारातून म्हणाली.

"काय?"

"नाव परत पुकार. आणि ज्यांनी त्याला कुरवाच्या चोचीत पाहिलं, त्यांनी हो म्हणा."

"केरेन्सा, आम्हाला काय वाईट वाटलं नाही का..." डेन्झिल खुर्चीवरून म्हणाला.

"मग टाळ्या कोण वाजवत होतं? कुरव?"

कुणी हसलं नाही.

"शेवटी निसर्ग..."

"निसर्गाने त्याला समुद्र पार करून माझ्या कुंपणापर्यंत जिवंत आणला होता, डेन्झिल! पुढचं तुम्ही केलंत. हात वर करून. माफ करा हं, माफ करा हं म्हणत! पुकार."

डेन्झिलने नाव पुकारलं, पुटपुटल्यासारखं. माणसं आपापल्या ग्लासात बघत राहिली.

"हो," कोपऱ्यातून आवाज आला. हेडली. "मी पाहिलं. किनाऱ्यावरून."

तिला त्याच्याकडे बघवेना.

"पक्षी तुझ्या बापाचा नव्हता, केरेन्सा," तो सावकाश म्हणाला. "शेत होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा तोच, नैऋत्येचा. त्याच कुंपणात, त्याच फांदीच्या जरा वर, हिरवट पाठीचा एक इवलासा पक्षी. लाल डोळा, वर पांढरी भुवई. हाही समुद्रापलीकडचाच. पानं उलटीपालटी करून अधाशासारखा खात होता.

खिशात वॉकीटॉकी खरखरला.

— केरेन्सा, तुझ्याकडे काही?

नाही म्हणून टाकणं किती सोपं होतं.

— आहे.

— काय आहे? कुठे?

— सांगणार नाही.

खरखर. मग डेन्झिलचा चढलेला आवाज.

— असं चालत नाही हं इथे! तुला माहितेय असं चालत नाही!

— मग हजेरीत सांग सगळ्यांना. माझं नाव घेऊन सांग.

ती उठली, आतून फाटकाला टेकून बसली. खिशात डेन्झिल ओरडत होता. पक्ष्याने एक अळी फांदीवर आपटली.