सोमवारचं पाणी

जलतरण तलावावर पोहायला शिकवणारा दादा नाहीसा झाला, त्याला अकरा वर्षं झाली होती. रविवारी संध्याकाळी बाबांशी त्याचं कडाक्याचं भांडण झालं आणि त्याच रात्री तो निघून गेला, हे घरात आणि पोलिसांतही पक्कं ठरलेलं होतं. वर्षातून एकदा तलाव रिकामा करून घासायचे, त्या रविवारी ते काम होतं आणि तो हिरव्या चिखलाने माखून घरी आला होता. "एवढं शिकवलं ते हौद घासायला?" असं बाबा म्हणाले आणि शब्दाने शब्द वाढला. सकाळी वहिनी उठली तेव्हा अंथरूण रिकामं होतं. सोमवारी तलाव बंदच असायचा, त्यामुळे तिथे कोणी विचारायलाही गेलं नाही.

सगळं खापर बाबांवर फुटलं. वहिनी माहेरी गेली ती परत त्या घरात आली नाही.

दादाची धाकटी बहीण फिजिओथेरपिस्ट होती. एकदा तिच्याकडे खांदा आखडलेली एक शिक्षिका आली. हात वर करता करता तिची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली.

"अय्या, हे तर आमचे सर! कुठे असतात आता?"

"तुम्ही ओळखता?"

"सूर मारायला त्यांनीच शिकवलं मला. नवं पाणी भरलं होतं ना, त्या दिवशी. तलाव बंद होता, पण माझा टॉवेल राहिला होता, म्हणून मी सकाळीच गेले. फाटक उघडं होतं. सर म्हणाले, आलीच आहेस तर मार उडी! पाणी बर्फासारखं. मी रडायला लागले, तर ते स्वतःच कपड्यांसकट आत. काय हसलो होतो आम्ही!"

धाकटीने तिचा हात हळूच खाली ठेवला. "हे नक्की कोणत्या वर्षीचं?"

"अकरा वर्षं झाली. दुसऱ्याच दिवशी माझ्या बाबांच्या बदलीमुळे आम्ही गाव सोडलं. कसं विसरेन? का हो?"

धाकटीने सांगितलं. शिक्षिकेने भिंतीवरचा फोटो पुन्हा पाहिला. मग म्हणाली, "मला कोणी विचारलंच नाही."

दोघी मिळून पोलिसांकडे गेल्या. अधिकारी नवा होता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"एका रात्रीचा फरक पडला, ताई. त्याने काय होणार?"

"तो रागावून गेला नव्हता, एवढं तरी सिद्ध होतं. आणि तुम्ही चौकशी केली ती रविवार रात्रीची. सोमवारचं कोणी पाहिलंच नाही."

त्याने जबाब घेतला. तलावाचा जुना व्यवस्थापक वारला होता. बसस्थानक, दवाखाने, बेवारस मृतदेहांची नोंद, सगळं सोमवार धरून पुन्हा तपासलं. हाती काही लागलं नाही.

बाबांना सांगायला धाकटी स्वतः गेली. ते गॅलरीत रेडिओ दुरुस्त करत बसले होते. त्यांना हलकं वाटेल, असं तिला वाटलं होतं. सगळं ऐकून त्यांनी पेचकस खाली ठेवला.

"हसत होता?"

"हो, बाबा."

"मग माझ्यामुळे नाही, तर कशामुळे?"

तिने पेचकस उचलून त्यांच्या हाताशी ठेवला.

"इतकी वर्षं निदान कारण तरी होतं माझ्याकडे," ते म्हणाले. "आता तेही नाही." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

वहिनीला तिने फोनवर कळवलं. आठवड्याने वहिनी न सांगता दारात उभी राहिली. केस पांढरे झाले होते. बाबा गडबडून उठले आणि खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलू लागले.

"बसा, बाबा," ती म्हणाली. "मी तेव्हा आतल्या खोलीत होते, नीट ऐकलं नव्हतं. भांडण झाल्यावर तो तुम्हाला काय म्हणाला?"

बाबांनी आठवून पाहिलं. हे त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"म्हणाला, उद्या या बघायला, पाणी किती स्वच्छ आहे ते." त्यांनी हातातली वर्तमानपत्रं खाली ठेवली. "मी गेलो नाही."

वहिनी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. धाकटी चहा टाकायला आत गेली.