गाऱ्हाण्यातला होकार

आमच्या चाळीतली माणसं देवाला जास्त घाबरतात की पोलिसांना, हा प्रश्न यंदाच्या गणपतीत निकाली निघाला.

बाळा म्हणजे माझा नवरा. अंधेरीच्या एका गोदामाचा टेम्पो चालवायचा. गेल्या हिवाळ्यात गोदामात चोरी झाली आणि पोलिसांनी त्याला घाटकोपरला आमच्या दारातून, दिवसाढवळ्या उचलून नेलं. चार दिवस कोंडलं, मारलं, आणि खरा चोर सापडल्यावर ‘जा’ म्हणाले. ना गुन्हा नोंदवला, ना कागद दिला. मालकानं कामावरून काढलं. पोलीस उगाच कुणाला नेत नाहीत, म्हणे. तेव्हापासून दारावर कुणी टकटक केली की बाळा मोरीत जाऊन उभा राहतो.

वकील अपूर्वाताईंनी मला समजावलं. धरलेल्या माणसाला चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं. नाही केलं तर हायकोर्टात भरपाई मागता येते. मला भरपाईपेक्षा कोर्टाचा निकाल हवा होता, मालकाच्या टेबलावर आपटायला. पण पोलिसांचं म्हणणं, बाळाला नुसतं चौकशीला बोलावलं होतं, रोज संध्याकाळी तो घरी जायचा. ठाण्यातला कॅमेरा नेमका बंद. तेव्हा तो घरी आलाच नव्हता, हे सांगणारा घरच्यांबाहेरचा साक्षीदार पाहिजे होता.

मी निर्धास्त होते. हर्षद होता ना! शेजारचा, मंडळाचा सेक्रेटरी, दर भाऊबीजेला माझ्याकडे पाटावर बसणारा. त्या चारही रात्री ठाण्यात डबा घेऊन तोच गेला होता.

गणपतीच्या तोंडावर अपूर्वाताईंनी आमच्या अर्जावर पोलिसांनी कोर्टात दिलेलं उत्तर पुढ्यात ठेवलं. त्याला हर्षदचा जबाब जोडलेला. बाळा रोज रात्री घरी झोपायला यायचा, असं त्यानं लिहून दिलं होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते मला त्या खुर्चीत कळलं.

तशीच त्याच्या घरी गेले. तो शांतपणे म्हणाला, “वैनी, मंडळाचं पन्नासावं वर्ष आहे. मंडपाची परवानगी त्यांच्याच हातात. आणि बाळा सुटला ना आता? मग कशाला वाढवता?”

बाकीच्या चाळीनं तर जीप डोळ्यांनी पाहिली होती. पण विचारायला गेले की ज्याला त्याला गॅसवरचं दूध आठवायचं.

मग माझ्या डोक्यात एक कल्पना आली. आमच्या मालवणी लोकांत पूजेआधी गाऱ्हाणं घालतात. वडीलधारा माणूस सगळ्यांच्या वतीनं देवाला मोठ्यानं साकडं घालतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेले ‘होय म्हाराजा’ म्हणतात. चाळीत गाऱ्हाणं घालायचा मान राजारामकाकांचा. मी त्यांचे पाय धरले. देवासमोर एकदा होय म्हटल्यावर कुणाची जीभ नाही म्हणायला वळेल, असं मला वाटलं होतं.

चतुर्थीला काकांनी मंडपात आवाज लावला. “बा देवा म्हाराजा, ह्या बाळाक पोलिसांनी दारातसून उचलून न्हेल्यानी, चार रात्री घराक सोडूक नाय, तेका न्याय दी रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा,” सगळा मंडप एका सुरात म्हणाला. हर्षदही म्हणाला. मी त्याच्याकडेच बघत होते.

दुसऱ्या दिवशी प्रतिज्ञापत्राचे कागद घेऊन मी दारोदार फिरले. काकांनी सही केली. बाकी कुणी नाही. हर्षद तर हसला. “गाऱ्हाण्यात माणूस ऐकून थोडाच होय म्हणतो, वैनी? सवयीनं म्हणतो.”

मी ते जसंच्या तसं काकांना सांगितलं.

अनंत चतुर्दशीला मूर्ती ट्रॉलीवर चढली. बाळा कितीतरी महिन्यांनी खाली उतरला होता, माझ्या मागे अंग चोरून उभा. निघण्याआधीच्या गाऱ्हाण्यासाठी ढोल थांबले, सगळ्यांनी हात जोडले. हर्षद म्हणाला, “काका, करा सुरुवात.”

काका काठीवर रेलून उभेच राहिले. “तुमचो होय घेवन मी आता देवाच्या म्होरं उभो रवूचंय नाय,” म्हणाले, आणि घरात निघून गेले.

पन्नासावा गणपती, आणि गाऱ्हाण्याशिवाय हलवायचा कसा? शेवटी हर्षदनंच घसा खाकरला. “बा देवा म्हाराजा, सगळ्या लेकरांचा बरा कर रे म्हाराजा.”

कुणीच काही बोलेना. माना खाली गेल्या. माझ्याही ओठांवर सवयीनं शब्द आला होता, तो मी गिळला. होऊ दे याची फजिती, असंच मला वाटत होतं.

तेवढ्यात माझ्या मागून बाळाचा आवाज आला, अगदी हळू. “होय म्हाराजा.”

त्या सबंध गर्दीत तेवढा एकच होकार होता.