सत्तेचाळिसावं यंत्र

गुजरातेतल्या भेस्तानजवळच्या त्या कापड रंगवणाऱ्या मिलमध्ये, ज्याला वायर आहे ते सगळं मयुरीचं, असा अलिखित कायदा होता. प्रिंटर अडला, बोलवा मयुरीला. हजेरीचं मशीन अंगठा ओळखेना, बोलवा मयुरीला. एकदा तर पंखा फिरेना म्हणूनही तिला हाक आली होती. तीनशे माणसांत कॉम्प्युटरमधलं कळणारी ती एकटी, आणि खरं सांगायचं तर तिलाही अर्धंमुर्धंच कळायचं.

शेजारच्या मिलने फायरवॉल बसवला म्हणून शेठनेही आणला. फायरवॉल म्हणजे नेटवर्कच्या दारातला दरवान. एवढ्याशा मिलला तो म्हणजे नाकापेक्षा मोती जड. खोक्यातून दोनशे पानांचं इंग्रजी पुस्तक निघालं, शिकवायला मात्र कुणी आलं नाही. आठवडाभर पुस्तक आणि यूट्यूब घोकून मयुरीला एवढं पक्कं कळलं, की यादीत नाव नसलेल्याला हा दरवान दारातूनच परत पाठवतो, आणि त्याचा कुठे गाजावाजाही करत नाही.

म्हणून नेटवर्कच्या जुन्या डब्यातून निघणारी एकेक वायर धरून ती मिलभर हिंडली. सत्तेचाळीस यंत्रं त्या डब्याशी बोलत होती. सेहेचाळीस सापडली, ती तिने यादीत घातली. सत्तेचाळिसाव्याचा पत्ता पडद्यावर दिसत होता, पण ते होतं कुठे? त्याची वायर भिंतीत शिरून गडप झाली होती, आणि ती टाकणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेला होता. पुस्तकात तर ठळक अक्षरांत बजावलेलं, अनोळखी यंत्राला आत घेऊ नका.

गुरुवारी पूजा ठरली. गुजरातेत विजय मुहूर्त म्हणजे दुपारचे बारा एकोणचाळीस, मग उमेदवारीचा अर्ज असो नाहीतर नवी बोअर. फायरवॉलवर कुंकवाने स्वस्तिकाचा साथिया काढला, नाडाछडीचा लाल धागा बांधला. बारा वीसला मयुरी शेठला म्हणाली, "एक यंत्र सापडत नाहीये. तासभर द्या."

"मुहूर्त जतुं रहेशे, बेन," शेठ हसून म्हणाले. "बाकीनुं पछी."

नंतर! या एका शब्दाने आजवर किती घरं बुडवली असतील, देव जाणे. मयुरीने मान डोलावली. बारा एकोणचाळीसला जुना डबा बंद झाला, नवा सुरू झाला, नारळ फुटला आणि टाळ्या पडल्या.

पेढे घ्यायला सुपडूमामा आला होता. तो सांडपाण्याच्या टाकीवर कामाला होता. मयुरीच्या आजोळचा, पारोळ्याकडचा, म्हणून मामा. "जेवनी का, पोरी?" त्याने रोजच्यासारखं विचारलं. तिने घाईत नुसतं हो म्हटलं. शेठच्या केबिनमधलं वायफाय लागत नव्हतं, आणि ते सत्तेचाळिसाव्या यंत्राच्या आधी होतं.

दोनच्या सुमारास टाकीतला पंप तुंबला. टाकीत विषारी वायू साठला की भोंगा वाजतो, हे सुपडूला पक्कं ठाऊक होतं. तोंडात न पेटवलेली बिडी धरून पाच मिनिटं काठावर बसायचं, भोंगा गप्प राहिला की उतरायचं, ही त्याची अकरा वर्षांची रीत. त्या दिवशीही तो बसला. भोंगा गप्प राहिला. तो उतरला.

पावणेतीनला त्याला वर काढलं, तेव्हा उशीर झाला होता.

त्या संध्याकाळी मयुरीने फायरवॉलची नोंद उघडली. सत्तेचाळिसावं यंत्र टाकीतल्या वायूवर लक्ष ठेवणारं होतं. भोंग्यापर्यंत जायचा त्याचा रस्ता तिच्या डब्यातूनच होता. दोन दहापासून दर दहा सेकंदांनी त्याने हाक घातली होती. पावणेतीनला कुणीतरी तिथली वीज तोडली, तोवर दोनशे दहा हाका. प्रत्येकीसमोर एकच शब्द होता, नाकारलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर बन्सीलाल तिच्या टेबलाशी आला. "भोंगा वाजला होता, सुपडूने ऐकला नाही, असं आपण लिहून दिलंय. त्या डब्यातलं तुझ्याशिवाय कुणाला वाचता येतंय? पुसून टाक. तुझंच नाव त्यात आहे, बाई."

खोटं नव्हतं ते. नियम कुणी घातले, त्या रकान्यात मयुरीचंच नाव होतं. दोन दिवस तिचं बोट पुसण्याच्या बटणावर जाऊन जाऊन परत आलं. तिला स्वतःची किळस आली. तिसऱ्या दिवशी तिने नोंद छापली, कागद पर्समध्ये घातले आणि ती सुपडूच्या घरी गेली.

खानदेशी रीतीप्रमाणे माणसं दुखवट्याला दारावर बसायला आली होती. मिलचे कामगार होते, खुर्चीवर बन्सीलालही होता. मयुरीला पाहताच सुपडूची बायको रुक्मिणी पुढे सरकली.

"भोंगा वाजना व्हता, नि त्यानी ऐका नही, असं सांगतस समदा," ती म्हणाली. "दारू पिसन उतरना, असंबी सांगतस. तू तठेच व्हती ना? वाजना व्हता का?"

मयुरीने पर्स उघडली. "नाही वाजला, मामी. टाकीतलं यंत्र त्याला वाजवायला सांगत होतं. मी त्याची वाट बंद केली होती. मला ठाऊक नव्हतं. पण मीच केली होती." तिने कागद पुढे धरले.

रुक्मिणीने ते घेतले, उलटसुलट पाहिले. तिला वाचता येत नव्हतं. मयुरीला वाटलं, आता ही आपल्या थोबाडीत मारेल, आणि मारली तर बरं होईल.

रुक्मिणीने कागद परत तिच्या हातात दिले. "वाच. समदास्ना म्होरे वाच."

"दोन वाजून दहा मिनिटं. नाकारलं," मयुरीने सुरुवात केली. "दोन वाजून दहा मिनिटं, दहा सेकंद. नाकारलं. दोन वाजून दहा मिनिटं, वीस सेकंद. नाकारलं."

बन्सीलाल खुर्चीवरून उठला. "बस झालं, मयुरी."

रुक्मिणीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "वाच," ती म्हणाली.

दोनशे दहा ओळी होत्या. मयुरीने सगळ्या वाचल्या, आणि शेवटी स्वतःचं नाव वाचलं.