चाकातलं रक्त

अमावास्येच्या सकाळी कुपवाडच्या कारखान्यांमधल्या एका मोकळ्या पटांगणात गाड्यांची रांग लागली होती. नव्या, जुन्या, हप्त्यावरच्या, सासऱ्याने दिलेल्या. प्रत्येकीच्या पुढे लिंबू-मिरची लटकलेली आणि प्रत्येकीचा मालक पुढच्या चाकाशी हात जोडून उकिडवा बसलेला. दसऱ्याला गाडीला हार घालतात हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. पण चाकापुढे गुडघे टेकून डोळे पुसणारी माणसं मी पहिल्यांदाच बघत होते आणि त्यांच्यात माझा सख्खा धाकटा भाऊ होता.

माझ्या भाचीने, संयोगिताने, सकाळी फोन केला होता. ती बाळंतपणासाठी कडेगावला माहेरी आलेली. दिवस भरत आलेले. तिचा बाप, म्हणजे हाच भाऊ, तिला तपासणीसाठी सांगलीच्या दवाखान्यात आणायला निघाला, पण आधी इकडेच वळला होता. "आत्ती, तू ये," ती म्हणाली. "आबा माजं ऐकत न्हाईत." मी सांगलीत रसायनशास्त्र शिकवते. त्या दिवशी माझा तास नव्हता, म्हणून लगेच निघाले.

पटांगणात चक्रानंद महाराजांचा दरबार भरला होता. भगवी लुंगी, पायात पांढरेशुभ्र बूट, हातात लाल मखमलीत गुंडाळलेली फवाऱ्याची बाटली. महाराजांनी एका गाडीच्या चाकावर बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट वर करून सगळ्यांना दाखवलं.

"ही धूळ हाय व्हय? आपल्या भागातली धूळ तांबडी. ही काळी का?" मग महाराजच म्हणाले, "रस्त्यावर ज्याचा जीव अडकला, त्येची वासना हाय ही. पुढच्याच चाकाला जास्ती बसती. मेलेला माणूस गाडीला म्होरनं आडवा येतोय, मागनं न्हाई."

एवढं बोलून त्यांनी बाटलीतलं तीर्थ चाकावर फवारलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग ती काळी भुकटी लाल होऊ लागली. लाल, मग जांभळट, साकळलेल्या रक्तासारखी. तिचे ओघळ चाकावरून खाली आले आणि मातीत टपकले. बायांनी पदर तोंडाला लावले. एक इंजिनिअर पोरगा मोबाइलवर हे सगळं टिपत होता. महाराजांनी वरून बादलीभर पाणी ओतलं, तर चाक लख्ख चांदीसारखं निघालं.

मग दक्षिणा ठेवून दोन्ही पुढच्या चाकांना लाल धागा बांधायचा. पुढच्या अमावास्येपर्यंत तो तुटता कामा नये. चाक उघडायचं नाही, मेस्त्रीचा हात लागू द्यायचा नाही. मेस्त्रीने चाक खोललं की बाहेर काढलेला आत्मा परत शिरलाच. एकाने भीतभीत विचारलं की महाराज, चाक अलीकडे किंचाळतं. महाराज मायेने हसले आणि म्हणाले, घर सोडताना कोण रडत नाही?

मला किळस आली. रक्ताची नव्हे, त्या हसण्याची.

माझा भाऊ मानसिंग वेडा नाही. उभी नोकरी लष्करात गेली, हिमालयातल्या रस्त्यांवर ट्रक चालवले. निवृत्त झाल्यावर हौसेने गाडी घेतली, चकचकीत चाकांची. दिवाळीच्या आधी कुंडलजवळ त्याला रस्त्याकडेला एक तरुण पडलेला दिसला. मोटरसायकल बाजूला, माणूस रक्तात. चारचाकीवाले बघून पुढे जात होते. मानसिंग थांबला, एकट्याने त्याला उचलून मागच्या सीटवर घातलं आणि गाडी दवाखान्याकडे पळवली. पोरगा वाटेतच गेला.

आधी जे काळं तो धूळ समजून पुसून टाकायचा, ते त्यानंतर त्याला डाचू लागलं. लष्करातली सवय अशी की रोज सकाळी गाडी पुसून तपासणीला उभी केल्यासारखी ठेवायची. सकाळी चाकं पुसावीत, तर गावाला जाऊन येईपर्यंत पुढची दोन्ही पुन्हा काळी. "आक्का, एवढी वर्सं ट्रक चालवलं," तो मला म्हणाला, "पर चाकास्नी असलं काळं कवा बघितलं न्हाई. त्यो पोरगा गाडीतनं गेलाच न्हाई गं." कोणीतरी त्याला महाराजांचं नाव सांगितलं. ही त्याची दुसरी खेप होती. गेल्या अमावास्येचा धागा चाकाला तसाच होता आणि गाडी महिनाभर किंचाळत होती. संयोगिता म्हणाली, वाटेतला घाट उतरताना आता किंचाळण्याऐवजी खरखर येते आणि गाडी थांबायला वेळ लावते. साखर कारखाने चालू झालेले, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. संध्याकाळी याच गाडीतून, त्याच घाटाने तिला परत जायचं होतं.

मानसिंगची गाडी पुढे सरकली. फवारा झाला, रक्त आलं. महाराजांनी त्यात अंगठा बुडवला आणि संयोगिताच्या कपाळाला टिळा लावला. पोटालाही लावायला ते वाकले, तेव्हा मी त्यांचा हात धरला. त्या क्षणी मला वास आला. वरून मोगऱ्याचं अत्तर भरपूर ओतलं होतं, पण खाली सडक्या अंड्यासारखा दर्प होता. हा वास मला प्रयोगशाळेतून ठाऊक होता. केस कुरळे करायच्या औषधालाही तो येतो. मी पोरीचं कपाळ पाण्याने धुतलं, तर तिथली कातडी लाल झालेली होती.

मी मानसिंगला सांगितलं की हे रसायन आहे. तो म्हणाला, "आक्का, तुज्या पुस्तकात समदं नसतंय." महाप्रसाद झाल्याशिवाय तो हलणार नव्हता. मी रिक्षा करून सांगलीत मोटारींचं सामान विकणाऱ्या दुकानात गेले आणि अंदाजाने विचारलं की चाकं साफ करायचं, लाल होणारं काही औषध मिळतं का. दुकानदाराने विचार न करता बाटली काढून दिली. वर हसून म्हणाला की अमावास्या जवळ आली की कुपवाडचा एक माणूस याची खोकीच उचलतो. बाटलीवर लिहिलं होतं: हातमोजे घाला, कातडीला लागू देऊ नका.

परतले तेव्हा रांग आणखी वाढली होती. पटांगणाला लागून भाऊसो नावाच्या ओळखीच्या माणसाचं लोखंड घासायचं वर्कशॉप आहे. त्यांच्याकडून मी एक पांढरी ताटली घेतली आणि ग्राइंडरखालची चिमूटभर काळी भुकटी तीत टाकली. ताटली घेऊन महाराजांच्या समोर उभी राहिले आणि लोकांना जवळ बोलावलं.

"ही भुकटी आत्ता भाऊसोंच्या वर्कशॉपमधनं आणली," मी म्हणाले. "रस्ता हिनं पाहिलेला नाही. हिच्याखाली मुंगीसुद्धा मेलेली नाही." आणि विकत आणलेली बाटली फवारली.

ताटलीत रक्त उतरलं.

लोक ताटलीवर वाकले. महाराज आधी सावरले. म्हणाले, बाईंच्या मनात शंका आहे, ताटलीतही पाप उतरणारच. मग मी त्यांच्याच पांढऱ्या गाडीकडे गेले. पुढच्या चाकावर फवारा मारला. आरशाला सात लिंबं लटकलेली ती पवित्र गाडी भळाभळा रडायला लागली.

"महाराज, तुमी कुणाला उडवलं?" रांगेतून कोणीतरी शांतपणे विचारलं. महाराजांना त्याच वेळी ध्यान लागलं.

मी सगळ्यांना सांगितलं ते इथेही सांगते, कारण त्यात गूढ काहीच नाही. आजच्या गाड्यांच्या पुढच्या चाकात लोखंडाची तबकडी असते. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पट्ट्या तिला आवळतात. दोन्ही घासतात आणि त्यांची काळी भुकटी उडून चाकावर बसते. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो, म्हणून पुढची चाकं जास्त काळी. मानसिंगच्या जुन्या ट्रकचे ब्रेक डब्यात बंद होते, भुकटी आतच राहायची, म्हणून त्याने ती कधी पाहिली नाही. बाटलीतल्या रसायनाची लोखंडाशी गाठ पडली की रंग जांभळट लाल होतो आणि चिकटलेली भुकटी सुटते. ते औषध त्याच कामासाठी विकतात. रोजच्याला तेही लागत नाही. चाक गार असताना साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो.

"आणि किंचाळतंय ते?" मानसिंगने विचारलं.

"पट्टी झिजली की आतली पत्र्याची जीभ तबकडीला घासते. ब्रेक बदला असं ती सांगत असते. आणि हा माणूस तुला सांगतो, मेस्त्रीकडं जाऊ नकोस. का? मेस्त्री एका मिनिटात सांगेल की काळं कशाचं आहे."

त्याने चाकावरचा धागा बोटात धरला. मग हळूच म्हणाला, "पर त्यो पोरगा, आक्का. माज्याच गाडीत गेला."

मला त्या महाराजाचा सगळ्यात जास्त संताप आला तो इथे. लुबाडलं ते एक वेळ सोडा. एका भल्या माणसाला त्याच्या भलेपणाचीच भीती घातली होती या माणसाने.

"तुज्या गाडीत गेला, कारण थांबलास तू एकटाच," मी म्हणाले. "बाकीच्यांच्या गाड्या तर रिकाम्याच गेल्या. मानसिंगा, त्यो तुला कशाला धरंल? शेवटी त्येच्याजवळ माणूस हुतं, ते तू हुतास."

मानसिंगने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातलं चाकूचं पातं उघडलं आणि दोन्ही चाकांचे धागे कापून टाकले. मग लेकीला माझ्याबरोबर मागून येणाऱ्या रिक्षात बसवलं आणि गाडी एकटाच, अगदी हळू, गॅरेजला घेऊन गेला. चाक उघडल्यावर मेस्त्रीने पट्टी त्याच्या हातावर ठेवली. तिच्यावर ब्रेक धरणाऱ्या मसाल्याचा थर उरलाच नव्हता, नुसतं लोखंड लोखंडाला घासत होतं. लष्करातला ड्रायव्हर तो, त्याला आणखी काही सांगावं लागलं नाही. तो तिथल्या बाकावर लेकीशेजारी जाऊन बसला आणि तिच्या पोटाकडे बघत राहिला.

महाराजांविरुद्ध आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे. तरी मी पटांगणातून निघाले तेव्हा रांगेतल्या निम्म्या गाड्या जागच्या हलल्या नव्हत्या. तो इंजिनिअर पोरगाही तिथेच होता. 'करून घ्यायला काय जातंय' असं तो म्हणाला. माझं त्याला आणि तुम्हाला एवढंच सांगणं आहे की जातं. या धाग्यापायी एक गरोदर पोर घाटात गेली असती. उद्या रस्त्यावर कोणी पडलेलं दिसलं, तर वासना चिकटेल म्हणून तुम्ही न थांबता पुढे जाल. कोणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी विचारा की हेच दुसऱ्या कशावर करून दाखवता का. आणि जो म्हणतो जाणत्या माणसाला विचारू नकोस, त्याच्या दारातून आधी बाहेर पडा.

संयोगिताला मुलगी झाली. बाळाला घेऊन घाट चढून-उतरून घरी पोचल्यावर मानसिंगने मला फोन केला.

"आक्का, चाकं पुना काळी झाल्यात," तो म्हणाला. "म्हंजी ब्रेक लागतोय."